धर्मराज रखमाजी शेजूळ, वय वीस

६ जून १९९९, रविवार. जालना

माय जाऊन सतरा दिवस झाले आणि आज मी शाळकरी मुलीसारखी वही घेऊन वर्गात जाऊन बसले. एकवीस वर्षं फळ्याजवळ उभी राहिलेली बाई. बाकावर बसल्यावर गुडघे कुठे ठेवायचे ते कळेना.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी दहा वाजता कुळकथा मंडळाचा वर्ग भरतो. आपल्या घराण्याची माहिती कशी शोधायची, कोणतं दप्तर कुठे सापडतं, मोडी कशी वाचायची, म्हाताऱ्या माणसांना काय आणि कसं विचारायचं. सात-आठ जण असतात. मला वाटलं होतं पेन्शनरांचा विरंगुळा असेल, आणि काही तसे आहेतही. एकांनी आपलं मूळ थेट सूर्यापर्यंत नेलं आहे. मी म्हणाले, पणजोबांचं नाव तेवढं सांगा. त्यांना राग आला.

मी का गेले ते इथे लिहून ठेवते, कारण तिथे मी खोटं सांगितलं. तिथे म्हणाले, इतिहासाची आवड आहे. खरं कारण माय. शेवटचे चार दिवस ती माझा हात धरून होती. डोळे उघडायची, सरळ माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, “धर्मराजा, मला माफ कर.” आमच्या घरात धर्मराज नावाचं कोणी नाही. आम्ही दोन भावंडं, रामकिसनदादा आणि मी; वडील, म्हणजे बापू, आधीच गेलेले. दादा म्हणाला, “शेवटाला माणूस काय बी बोलतं. लई मनावर नको घेऊ.” पण माय काय बी बोलत नव्हती. कोणत्या म्हशीचं दूध आटलं, सरकीचं पोतं कुठं ठेवलं, सगळं बराबर सांगत होती.

मला वाटतं, एक मुलगा होऊन गेला असावा. लहानपणीच गेला आणि घराने त्याचं नाव गिळलं. ते नाव मी परत आणणार. एवढी वर्षं गावोगाव लोकांच्या हक्कांवर बोलले, एका मेलेल्या पोराचा नाव घेतलं जाण्याचा हक्क माझ्या घरात बाकी आहे.

१४ जून

दादा आला होता. निघताना पिशवीतून साडी काढली. मोरपंखी, बारीक काठाची, वहिनीने निवडलेली. मला कळलं. आमच्याकडे बहीण जमिनीवरचा हक्क सोडते तेव्हा भाऊ तिला साडीचोळी करतो.

या साडीवर मी सभांमधून तास तास बोलले आहे. “बहिणींनो, एक साडी म्हणजे किती एकर, हे नेसण्याआधी विचारा.” बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आणि माझ्यावर आली तेव्हा मी मुकाट्याने ठेवून घेतली. मी बिनलग्नाची, शाळेतली नोकरी, दोन खोल्यांचं घर. मला वावर कशाला? दादा राबतो. करते सही, म्हणाले.

सहीच्या आधी तलाठ्याला वंशावळ द्यावी लागते. “तू शिकूनच राह्यलीस तर तूच लिही,” दादा म्हणाला. “साधी. बापू, माय, मी अन् तू. चार नावं.”

“पाचवं सापडलं तर?”

मी थट्टेनं विचारलं. तो हसला नाही. चहा अर्धा ठेवून गेला. मायच्या दुःखातून अजून बाहेर आलेला नाही बिचारा.

४ जुलै, रविवार

साहेबराव सर उत्तम शिकवतात. महसूल खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीला आलेले, कमरेत थोडे वाकलेले. काही वर्षं भोकरदन तालुक्यात तलाठी होते म्हणतात. मी विचारलं, आमच्या भागात? “धावड्याकडं जाणं-येणं असायचं,” एवढंच म्हणाले आणि खडू उचलला. आमचं गाव धावड्याच्या पलीकडे कोसावर आहे.

आज मोडीचा पहिला धडा. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची. “घराचं आढं आधी बसतं,” सर म्हणाले. “खाली कोण राह्यला येणार ते मागून.” त्यांना ही सवय इतकी जडली आहे की साधी मराठीही ते तशीच लिहितात. फळ्यावर आधी पूर्ण रेघ, मग शब्द. शब्द संपतात, रेघ पुढे रिकामी राहते. प्रत्येक कारकुनाचा लिहिण्याचा हात वेगळा असतो, नाव पुसलं तरी हात पुसता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मी ते वहीत अधोरेखित केलं आहे. भाषणात वापरता येईल.

मी त्यांना धर्मराजाबद्दल सांगितलं. ते हाताला लागलेला खडू पुसत राहिले. मग म्हणाले, “तुमच्या गावचं नवीन दप्तर बघू नका. सत्तरनंतरची रजिस्टरं पाण्यात भिजली. निजामकाळातलं बघा. तुमचे खापरपणजोबा मोठे माणूस होते.” किती आपुलकीने माझा वेळ वाचवतात.

१८ जुलै, रविवार

वर्गात आमच्याच गावची मुलगी आहे हे आज कळलं. मुलगी कसली, चाळिशीची असेल. बेबीनंदा हिवाळे, प्राथमिक शिक्षिका. पुंजारामकाकांची थोरली. काका आमच्याकडे सालाने गडी होते. बेबीनंदाला आजोबांच्या पलीकडे एकही नाव मिळत नाही. “आमची नावं लिहायला कोणाला टाइम हुता,” ती म्हणाली. चीड नव्हती, नुसतं सांगणं होतं.

मी तिला आठवण सांगितली. पंच्याहत्तरचा उन्हाळा, मी वीस वर्षांची, औरंगाबादच्या कॉलेजातून सुटीला आलेली. चावडीपुढे सभा होती. मी उभी राहून म्हणाले, “जादा जमीन निघालीच पाहिजे आणि पहिली या पुंजारामकाकांना मिळालीच पाहिजे.” ते माझं पहिलं भाषण. बापू पहिल्या रांगेत बसले होते. दीडशे एकरांचा धनी, आणि त्यांनी सर्वांआधी टाळी वाजवली. घरी आल्यावर मायला म्हणाले, “माझी वाघीण हाये.” पुढे जे काही बोलले ते त्या एका टाळीच्या जोरावर. बाप विरोधात असता तर मी कदाचित शिवणक्लास काढला असता.

बेबीनंदा ऐकत होती. “मी बी हुते तिथं,” ती म्हणाली. “सोळा वर्षांची.”

“मग? कसं झालं होतं भाषण?”

“चांगलं झाल्तं,” म्हणाली आणि पिशवी आवरायला लागली. मितभाषी आहे.

२ ऑगस्ट

सापडला.

रजा काढून गावच्या शाळेत गेले. हेडमास्तर नवीन, भला माणूस. दाखल-खारीज रजिस्टर काढून दिलं. क्रमांक ११२. धर्मराज रखमाजी शेजूळ. जन्म ३ नोव्हेंबर १९५४.

३ नोव्हेंबर १९५४ हा माझा जन्मदिवस आहे.

आम्ही जुळे होतो. माय माझा हात धरून त्याला हाक मारत होती, कारण माझ्या चेहऱ्यात तिला तो दिसत होता.

रजिस्टर जुनं आहे. त्याच्या नावाखालचा कागद खरवडल्यासारखा पातळ झालाय, बोटाला लागतो. शेऱ्याच्या रकान्यात १९७५ साली दाखला दिल्याचं लिहिलंय. तो बहुधा माझा, चुकून त्याच्या ओळीत गेला. माझं स्वतःचं नाव मात्र पुढच्या पाच पानांत मिळालं नाही. मुलींच्या नोंदी कोण नीट करतं? यावर एक भाषण होईल.

घरी जाऊन दादाला सांगितलं. तो ओट्यावर सुतळी वळत होता. “जुळा?” एवढंच म्हणाला. मग वळलेली सुतळी उलगडून पुन्हा वळायला घेतली. “असंल बी. मी लहान हुतो. पर वंशावळीत नको घालू त्याला. मेलेलं पोर हाये. तलाठी उगीच कागद मागंल.”

मी म्हणाले, घालणार.

५ सप्टेंबर, रविवार

मंडळाचा वार्षिक कार्यक्रम. प्रत्येकाने आपला शोध सांगायचा होता. मी वीस मिनिटं बोलले. एका पोटात नऊ महिने सोबत राहिलेला भाऊ, ज्याच्या वाटचं दूध मी प्यायले, ज्याच्या वाटचं आयुष्य मी जगले. मीच रडले, आणि मी मंचावर कधी रडत नाही. सूर्यवंशवाले गृहस्थसुद्धा डोळे पुसत होते.

दोन गोष्टी खटकल्या. साहेबराव सर भाषण चालू असताना उठून गेले. प्रकृती बरी नसावी. आणि बेबीनंदा पूर्ण वेळ माझ्याकडे टक लावून बघत होती. शाळा तपासणीला आलेला साहेब जसा हजेरीपट बघतो, तशी.

१२ सप्टेंबर, रविवार

सर आज आले नाहीत. बेबीनंदा जिन्यात थांबली होती.

“बाई, एक विचारू? शाळेत रजिस्टर मी सांभाळते म्हणून विचारते. जुळी पोरं आली तर आम्ही दोन नंबर देतो. एक नंबर एकालाच. तुमच्या भावाचा ११२. तुमच्या दाखल्यावर कितीचा नंबर हाये?”

मी म्हणाले, लक्षात नाही, तेव्हा कोण असं बघत होतं.

“बघा तेवढं,” ती म्हणाली.

घरी येऊन नोकरीची फाईल काढली. माझा शाळा सोडल्याचा दाखला १९६५ चा, पिवळा पडलेला. तुळजा रखमाजी शेजूळ. जन्म ३ नोव्हेंबर १९५४.

रजिस्टर क्रमांक ११२.

१३ सप्टेंबर

दारावरून गणपतींच्या मिरवणुका गेल्या. मी दाखला टेबलावर ठेवून दिवसभर समोर बसले. काहीतरी साधं स्पष्टीकरण असेल.

२० सप्टेंबर

साधंच आहे.

गावचा तलाठी तरणा पोरगा आहे, शिवाजी नाव. मी म्हणाले, तुमची जुनी रजिस्टरं भिजली म्हणे. “कोण म्हणलं? कपाटात हायेत की, बिलकुल कोरडी.” त्याने फेरफाराचं रजिस्टर समोर ठेवलं. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली की त्यात नोंद होते. मी पंच्याहत्तर साल उघडलं.

“रखमाजी शेजूळ यांनी मुलगा धर्मराज, वय वीस, अविवाहित, यास वाटणीने बेचाळीस एकर दिले. पुरावा: शाळेचा दाखला.”

उद्या माझ्याच मनाने याला दुसरा अर्थ लावू नये म्हणून नीट लिहिते. पंच्याहत्तर साली कमाल जमिनीचा कायदा कडक झाला. एका कुटुंबाने कोरडवाहू चौपन्न एकर ठेवायची, वरची सरकारजमा, ती भूमिहीनांना. सज्ञान मुलगा असला की त्याचे चौपन्न वेगळे. मुलगी धरत नव्हते. त्या वर्षी या जिल्ह्यात मोठ्या शेतकऱ्यांना एकाएकी मुलगे कमी पडायला लागले. कोणी म्हैसवाल्याच्या पोराला दत्तक दाखवलं, कोणी बायकोची कागदावर फारकत केली. मी यावर बोलले आहे, पुरावे देऊन, लोकांची नावं घेऊन बोलले आहे. बापूंकडे दीडशे एकर होते आणि मुलगा एक; दोघांचे एकशे आठ वाचत होते, बेचाळीस जाणार होते.

त्यांनी मला मुलगा केलं. शाळेच्या रजिस्टरात माझं नाव खरवडून तिथे धर्मराज लिहवून घेतला. मी पोरगी होते तेव्हा माझी वाटणी नव्हती. वाटणी मिळाली ती पोरगा होऊन, आणि मला न कळवता.

चार वर्षांनी, एकोणऐंशी साली दुसरी नोंद आहे. “धर्मराज रखमाजी मयत. अविवाहित. वारस आई सगुणाबाई.” खाली मायचा अंगठा. त्यानंतर तिच्याकडून दादाकडे.

ज्या वर्षी मला मारलं त्या वर्षी मी जालन्याच्या शाळेत कायम झाले होते. पेढे घेऊन गावी गेले होते. मायने पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाही. मी म्हणाले होते, दात दुखतो का गं?

दोन्ही नोंदींत रेघ आधी ओढलेली आहे. पानाच्या काठापर्यंत. शब्द संपले तरी रेघ पुढे रिकामी गेली आहे.

२१ सप्टेंबर

शाळेत गेले नाही.

२६ सप्टेंबर, रविवार

साहेबराव सरांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नी उषाबाईंनी उघडलं. मला बघून आत वळून म्हणाल्या, “आल्या हो. मी म्हणलं नव्हतं?” मग माझ्याकडे वळून, “पहिल्या रविवारी तुमचं नाव ऐकून आले तेव्हाच मी यांना म्हणलं, वर्ग सोडून द्या.”

सर पलंगावर बसले होते. मी उभीच राहिले.

“हात पुसता येत नाही, असं तुम्हीच शिकवलंत.”

“हो,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या माणसानं शिकवायला जाऊ नये.”

“रजिस्टर भिजलंय म्हणालात.”

“वाटलं, तुम्ही खापरपणजोबात रमाल. लोक रमतात. तुमचं भाषण ऐकलं, भावासाठी रडत होता तुम्ही. मला बसवेना.”

मी विचारलं, कोणाही पुतण्या-भाच्याचं नाव चाललं असतं. माझंच का?

ते बापूंच्याच आवाजात बोलायला लागले. इतक्या वर्षांनीही त्यांना तो आवाज बरोबर जमत होता.

“मी भाच्याचं म्हणलं होतं. तर म्हणाले, न्हाई, तुळजेचंच करायचं. पोरगी भाषणं करून राह्यली. उद्या माझ्याच घरावर बोट ठेवील. तिचाच गडी करून टाक. मंग बोंबलली तर स्वतःच्याच नावानं बोंबलंल.”

“चिडून म्हणाले?”

“न्हाई हो. कौतुकानं. म्हणले, वाघीण हाये माझी. पिंजरा तिच्याच मापाचा पायजे.”

उषाबाईंनी चहा आणला होता. मी घेतला नाही, त्यांनी आग्रह केला नाही.

“आणि एकोणऐंशीला का मारला?”

“पंचवीसचा झाला होता. गावात स्थळं आणायला लागले थट्टेनं. कधी दिसत न्हाई तुमचा धर्मराज, म्हणायचे. मेलेला बरा होता. तुमची आई तीन दिवस चावडीवर यायला तयार नव्हती. आल्या, अंगठा दिला, शाई पदराला पुसली. मंग तेवढा पदराचा कोपरा फाडून तिथंच टाकून गेल्या. पुढं रखमाजीरावांशी किती दिवस बोलल्या नाहीत म्हणे.”

मी निघाले. ती टाळी. चोवीस वर्षं मी एका टाळीवर उभी आहे, आणि ती वाजवणाऱ्याने तेव्हाच माप घेतलं होतं.

३ ऑक्टोबर, रविवार

वर्गाला गेले नाही. दादाकडे गेले. सगळं सांगितलं. तो नाकारेल असं वाटलं होतं. त्याने नाकारलं नाही.

“बापूनं केलं. मी पंचवीस वर्षांचा हुतो, मला काय विचारलं त्यांनी?”

“चोवीस वर्षं खातोस ना पण.”

“अन् तू?” तो उठून उभा राहिला. “तुझ्या हॉस्टेलला ज्वारीचे कट्टे कुठल्या वावरातून गेल्ते? फीस कुठून गेल्ती? तुझी सगळी भाषणं त्याच ज्वारीवर झाली, तुळजे. मी तुला कधी म्हणलो का, तोंड बंद कर म्हणून?”

वहिनी दारातून म्हणाली, “अहो, हळू. शेजारी ऐकून राह्यले.”

“ऐकू दे. गावाला नवीन हाये का?”

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा ऐकलं नाही. आता लिहिताना ऐकू येतंय.

त्याने हक्कसोडीचं विचारलं नाही. मीच सांगितलं, सही करणार नाही. आता आम्हा बहिणींनाही वाटणी आहे कायद्याने. माझा हिस्सा मागणार, आणि धर्मराज झालाच नव्हता हे लिहून देणार. तो खाली बसला. “मंग मी तुझा भाऊ बी झालो नव्हतो म्हणून लिहून दे,” म्हणाला. परतताना मोटारीत सबंध रस्ता ते वाक्य सोबत होतं. खरं बोललं की हलकं वाटतं, असं मी मुलांना सांगत आले. कुठे वाचलं होतं कोण जाणे.

१० ऑक्टोबर, रविवार

बेबीनंदाच्या घरी. मी मनात मांडणी करून गेले होते. आधी कबुली, मग माफी, मग माझ्या हिश्शातून काही एकर तिच्या नावे. भाषणाचे तीन भाग असतात तसे.

पहिल्याच भागात तिने थांबवलं.

“बाई, मला ठाऊक हाये. सगळ्या वस्तीला ठाऊक हाये. त्या बेचाळीस एकराला आम्ही धर्मराजाचा पट्टा म्हणतो. माझी माय, मालनबाई, अजून तिथं कापूस येचायला जाती. तुमच्या तोंडावर कोण म्हणणार?”

मी विचारलं, मग मला कधी कोणी सांगितलं का नाही?

ती माझ्याकडे बघतच राहिली.

“आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक हाये.”

चोवीस वर्षं. चौदा एप्रिलला मला वस्तीत भाषणाला बोलवायचे. मी समतेवर बोलायचे. हार घालायचे. मागे बायका बसलेल्या असायच्या, आणि त्या सगळ्यांना वाटत होतं की ही बाई आपल्या नावची जमीन जिरवून आपल्यालाच न्याय शिकवते आहे. तरी टाळ्या वाजवायच्या.

“बाबाचं नाव यादीत पयलं हुतं,” बेबीनंदा म्हणाली. “तुम्ही भाषणात घेतल्तं ना, म्हणून तलाठ्यानं पयलं लिहिलं. बाबा म्हणायचा, पोरगी बोलली मंग मिळतंय. नंतर कळलं जादा जमीन निघालीच न्हाई. रखमाजी पाटलाला दुसरा पोरगा निघाला. बाबा दोन दिवस हसत हुता. मंग हसायचा थांबला.”

“मला खरंच माहीत नव्हतं.”

“त्या दिवशी मंडळात रडल्या ना तुम्ही, तवा मला पयल्यांदा वाटलं, बाईला खरंच ठाऊक न्हाई. म्हणून नंबर विचारला. पर बाई, तुमच्या बापाकडं दीडशे एकर हुती, हे तर ठाऊक हुतं. कायदा तुम्हाला पाठ हुता. तुम्ही गणित शिकवत न्हाई, पर एवढी वजाबाकी येत असंल.”

येत होती. लोकांच्या बापांची केली, माझ्या बापाची केली नाही. मला फसवलं, हे खरं. फसायला मी किती सोपी होते, हेही खरं.

जमिनीचं बोलले तेव्हा ती म्हणाली, “दान नको. दान घेतलं की तुम्ही देणाऱ्या. यादीत नाव हुतं त्याचं काय झालं, ते गावात उभं राहून सांगा. भाषण नको. सांगा नुसतं.”

२५ ऑक्टोबर

तहसीलला अर्ज द्यायला गेले. कारकुनाने दोनदा वाचला.

“बाई, मेलेल्याचा अर्ज घेता येतो. हरवलेल्याचा घेता येतो. जो झालाच न्हाई त्याचा कोणत्या फायलीत लावू?”

“त्याची फाईल तुमच्याकडेच आहे. वाटणीची आणि मृत्यूची.”

“त्यात तर तो हाये बराबर. तुम्हीच म्हणता न्हाई. मंग पुरावा तुम्हाला द्यावा लागंल, तो नसल्याचा.”

“मी आहे ना पुरावा.”

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुम्ही तर बाई हायेत,” म्हणाला. चेष्टा करत नव्हता. शेवटी शिक्का मारून पोच दिली. वर्षं लागतील, कदाचित काहीच होणार नाही. अर्ज आत आहे.

१० नोव्हेंबर

भाऊबीज. गेले नाही. बोलावलंही नाही. मोरपंखी साडी पोस्टाने परत पाठवायची म्हणून बांधली होती. पोस्ट बंद. पुडकं खुर्चीवर आहे, येता-जाता पाहुण्यासारखं वाटतं.

१४ नोव्हेंबर, रविवार

मंडळाचा नियम आहे, वंशावळ पूर्ण झाली की ज्याने-त्याने आपल्या गावात वाचून दाखवायची. आज माझी पाळी होती. मीच मागून घेतली. चावडीपुढे सतरंजी घातली. मंडळातले चार जण आले. साहेबराव सर आले, मागे एका दगडावर बसले. त्यांनी येऊ नये असं मला वाटत होतं. आता वाटतं, यायला हवंच होतं. वस्तीतून वीस-पंचवीस माणसं आली. मालनबाईही आल्या, पंच्याहत्तरीच्या, बेबीनंदाच्या खांद्याला धरून. आमच्या भावकीतून कोणी आलं नाही. दादा चावडीच्या कोपऱ्यावर मोटारसायकलवर बसून होता, चालू ठेवलेली.

मी कागद भिंतीला लावला. तिथल्या तिथे लिहायचं ठरवलं होतं. आधी रेघ ओढली, पूर्ण कागदभर. तिला नावं टांगली. रखमाजी. सगुणाबाई. खाली रामकिसन. तुळजा.

मग तिसरं लिहिलं आणि वाचलं. “धर्मराज. हा माझ्या बापाने पंच्याहत्तर साली माझं नाव खरवडून केला. त्याच्या नावावर बेचाळीस एकर लपवले. एकोणऐंशीला त्याला मारला, मायचा अंगठा घेऊन. ती जमीन निघाली असती तर यादीत पहिलं नाव पुंजाराम हिवाळे यांचं होतं. मला हे माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. तहसीलला लिहून दिलंय.”

एवढंच. तीन मिनिटंसुद्धा लागली नसतील. आयुष्यातलं माझं सर्वांत लहान भाषण, आणि पुढचं वाक्य काय असावं ते मला सुचलं नाही. टाळी वाजली नाही. साहेबराव सर दगडावरून उठून म्हणाले, “हात माझा होता.” पुन्हा बसले. मोटारसायकल निघून गेल्याचा आवाज आला. मी तिकडे बघितलं नाही.

लोक पांगायला लागले. कोणी माझ्याशी बोललं नाही. मी कागद काढत होते तेव्हा मालनबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा अगदी जवळ आणून बघितलं, मायने बघितलं होतं तसं.

“लई दिवस लावलेस, धर्मराजा,” म्हणाल्या. “चल, च्या पे. आमच्यात पेतोस ना?”

“पितो,” मी म्हणाले.

त्या पुढे, मी मागे. घर वस्तीच्या शेवटाला आहे. उंबऱ्याजवळ बसायला पोतं टाकलं. बेबीनंदाने चहा दिला, कान नसलेल्या कपात, म्हणून दोन्ही हातांनी धरावा लागला. दारातून समोर पाहिलं तर कापसाने पांढरं झालेलं शेत होतं, पार ओढ्यापर्यंत.

“हेच का?” मी विचारलं.

“हेच,” मालनबाई म्हणाल्या. “दार उघडलं की दिसतंय. रोज.”

आमच्या ओट्यावरून ते दिसत नाही. मध्ये गोठा येतो.